वर्षाच्या आतला नाच

“तू नाचलीस?”

आत्या गवारीच्या शेंगा मोडत होती, ती थांबली. मी तिला गुजो हाचिमानबद्दल सांगत होते. जपानच्या गिफू प्रांतातलं हे डोंगरांच्या बेचक्यातलं, नदीकाठचं छोटं गाव. ऑगस्टच्या १३ ते १६ या चार रात्री तिथली माणसं पार पहाटेपर्यंत रस्त्यावर नाचतात. पायांत लाकडी खडावा असतात, त्या एकदमच रस्त्यावर आपटतात, आणि तो आवाज दोन गल्ल्या पलीकडूनही ऐकू येतो. बोलता बोलता मी सांगून गेले की यंदा त्यांच्यात मीही होते, उजाडेपर्यंत.

“चैत्रात दादा गेला. श्रावणात तू रस्त्यावर नाचलीस.”

“हो. बाबांसाठीच नाचले.”

“हे मला नीट समजावून सांग.” आवाज चढला नव्हता. आत्याने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. उत्तर पटलं नाही तर ती मुलाला खाली बसवत नसे, पुढचा प्रश्न विचारत असे. अजूनही तसंच करते.

विषय निघायला कारण होतं. बाबा पीटीचे सर. शाळा सुटल्यावर मैदानावर पोरं जमवून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लेझीम शिकवली. राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासून विसर्जनाची मिरवणूक निघते, शहागंज, सिटी चौक, गुलमंडी करत औरंगपुऱ्याकडे जाते. तिच्यात बाबांचं पथक दरवर्षी असायचं. आदल्या संध्याकाळी त्या पथकातले चार जण घरी येऊन गेले. यंदा सरांची लेझीम सरांच्या मुलीने हातात घ्यावी, पहिल्या ओळीत चालावं, अशी त्यांची इच्छा. आत्याने त्यांना चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, “यंदा आमच्याकडे सण नाही.” ते मान डोलावून उठले. बाबांची लेझीम आत्याच्याच घरी, देवघराच्या बाजूच्या खिळ्याला टांगलेली आहे. जाताना त्यांतल्या एकाने तिच्या चकत्यांना नुसता हात लावला, तेवढाच काय तो आवाज झाला.

“त्या चार दिवसांना तिकडे ओबोन म्हणतात,” मी म्हणाले. “गेलेली माणसं त्या दिवसांत आपापल्या घरी येतात. त्यांना वाट दिसावी म्हणून १३ तारखेला दाराशी लहानसा जाळ करतात, १६ तारखेला पुन्हा जाळ करून त्यांची पाठवणी. घरातल्या फोटोपुढे काकडी आणि वांगं ठेवतात, दोन्हींना काड्यांचे चार चार पाय लावून. काकडी म्हणजे घोडा, येताना भरभर यावं म्हणून. वांगं म्हणजे गाय, जाताना सावकाश जावं म्हणून.”

“चातुर्मासात वांगं,” आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण सावकाश जावं, हे चांगलंय.”

“आणि त्याच रात्री नाच.”

“इथे माझं अडतं बघ. येणाऱ्याला पान वाढायचं, हे आपल्याकडेही आहे. पण आपल्याकडे जो तो दिवस ज्याच्या त्याच्या जागी आहे. अनंत चतुर्दशीला काय तो गुलाल उधळा, काय तो नाच करा. पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पितृपंधरवडा. मग आवाज नाही, नवी खरेदी नाही, बोलणीसुद्धा नाहीत. पितर दारात येऊन उभे राहायचे आणि आपण ढोल बडवायचा, असं नाही केलं आपल्या माणसांनी.”

“त्यांनी दोन्ही एकत्र केलं.”

“का पण?”

का, हे मलाही पहिल्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. टोकियोत राहायला लागले तेव्हा ओबोन म्हणजे माझ्यासाठी उन्हाळ्याची जत्रा होती: कागदी कंदील, बर्फाचा गोळा, देवळाच्या आवारात उंच माचा बांधून त्यावर ढोल आणि माच्याभोवती बायका-पुरुष-पोरांचं रिंगण. आपल्या भोंडल्यातला फेर आठवायचा. या नाचाला बोन ओदोरी म्हणतात, गावोगाव असतो, आणि त्यात कोणीही शिरावं. शेजारची बाई हात कसे हलवते ते बघत बघत तीन फेऱ्यांत येतो. त्यात माणूस गेलेली घरंही असतात हे मला एका सहकारी बाईंच्या घरी समजलं. त्यांच्या दाराला पांढरा कंदील टांगला होता. माणूस गेल्यानंतरचा पहिला ओबोन, म्हणजे हात्सुबोन, असला की तो पांढरा असतो.

“आणि हामामात्सू भागात तर,” मी आत्याला म्हणाले, “एन्शू दाइनेन्बुत्सू नावाची पथकं आहेत. ज्या घरचा पहिला ओबोन असेल त्या घराने बोलावलं की ती पथकं अंगणात जातात. ढोल वाजवतात, घंटा वाजवतात, बुद्धाचं नाव घेतात. म्हणजे तिकडे पथक दुःखाच्या घरी जातं, आणि आपल्याकडे दुःखाचं घर पथकाला चहा पाजून परत पाठवतं.”

आत्याने शेंगा बाजूला सारल्या. “अंगणात पथक येतं. घरची माणसं नाचतात का त्यांच्यात?”

मला थोडं थांबावं लागलं. “नाही. घरची बसलेली असतात. पथकातली नाचतात.”

“मग मी वेगळं काय म्हणायलेय?” आत्याची मराठवाड्याची बोली ती तावात आली की वर येते. “घरच्याला बसू द्या, इतकंच तर म्हणणं आहे. तुम्हाला वाटतं वर्षभर सण नाही म्हणजे शिक्षा. ती सूट आहे गं. नवं नेसायची सक्ती नाही, कोणाच्या लग्नात हसायची सक्ती नाही, ‘आता बरं आहे ना’ याला ‘हो’ म्हणायची सक्ती नाही. तुझे काका गेले तेव्हा सगळे म्हणत होते, बाहेर पड, गाण्याला चल, मन रमव. मला एकच आधार होता. ‘वर्ष आहे’ म्हटलं की माणसं गप्प बसायची.”

हे मी आधी कधी असं ऐकलं नव्हतं, आणि ते खरं होतं. टोकियोत परतल्यावर ऑफिसात मला चौथ्या दिवशी कामाला लागावं लागलं होतं. तिथे मला ‘वर्ष आहे’ म्हणायची सोय असती तर मी ती घेतली असती. पण तिच्या म्हणण्यात एक जागा अशी होती जिथे मला थांबता येईना.

“आत्या, तुझं ते वर्ष संपलं कधी?”

ती बघत राहिली.

“काका जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षीच्या चैत्रगौरीला समोरच्यांकडे सगळी गल्ली हळदीकुंकवाला होती. तू दार लोटून आत बसली होतीस. आईने सांगितलं मला.”

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं, आता ही उठून जाईल. आत्या उठली नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“ते वर्ष नाही,” ती म्हणाली. “ती लोकांची लबाडी. वर्षाला शेवट असतो म्हणून त्याला वर्ष म्हणायचं. बाईच्या बाबतीत शेवट घालायचाच विसरले. विसरले नाहीत, ठेवला नाही. ते मी कधी बरोबर म्हटलंय का?”

“नाही म्हटलंस. पण दार लोटून बसलीस.”

“बसले.”

त्या दिवशी पुढे काही बोलणं झालं नाही. रात्री तिने गवारीची भाजी केली, दाण्याचं कूट घालून, बाबांना आवडायची तशी. माझ्या पानात दोनदा वाढली.

रविवारी मी तिला औरंगाबाद लेण्यांना घेऊन गेले. शहराचं नाव २०२३ साली बदललं, लेण्यांना पुस्तकांत अजून जुनंच नाव आहे. पायथ्याची माणसं नुसतं ‘बुद्ध लेणी’ म्हणतात. बीबी का मकबऱ्याच्या मागचा, विद्यापीठाला लागून असलेला डोंगर. वेरूळ-अजिंठ्याला जाणारी गर्दी इकडे वळत नाही, आणि याचं मला लहानपणापासून वाईट वाटतं. आत्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या चढायला आम्हाला वेळ लागला. मला तिला सातवं लेणं दाखवायचं होतं.

बाहेर अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली माणसं: आग, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती. प्रत्येक चौकटीतलं माणूस त्याच्याकडे हात जोडून धावा करतं आहे. हाच जपानात गेल्यावर कान्नोन झाला, गल्लीबोळातल्या देवळांत बसला. पण मी आत्याला आत नेलं. गाभाऱ्यात बुद्ध बसलेला आहे, शांत, मोठा. आणि त्याच गाभाऱ्याच्या भिंतीवर एक बाई नाचते आहे. तिच्या भोवती सहा बायका वाद्यं वाजवत बसल्या आहेत. बासरी आहे, तालवाद्यं आहेत, झांज आहे. सहाव्या-सातव्या शतकातलं काम. रखवालदाराने बॅटरीचा उजेड टाकला तसा नाचणारीचा कमरेतला बाक एकदम उठून आला.

आत्या पुष्कळ वेळ बघत होती. “बुद्धाच्या इतक्या जवळ?”

“इतक्या जवळ.”

“यात बघणारं कोणी नाही,” ती म्हणाली. “एक नाचते, सहा वाजवतात. संपलं.”

माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मी ते लेणं निदान दहा वेळा पाहिलं आहे.

बाहेर ओसरीवर बसून मी तिला मौद्गल्यायनाची गोष्ट सांगितली, कारण ओबोनचं मूळ तीच गोष्ट. बुद्धाच्या दोन पट्टशिष्यांतला हा एक. त्याला दिव्यदृष्टीने आपली मेलेली आई दिसली. प्रेतयोनीत, भुकेने वाळलेली. त्याने तिला अन्न दिलं, तर तोंडाशी जाताच त्याचे निखारे झाले. तो बुद्धाकडे गेला. बुद्ध म्हणाला, वर्षावास संपेल त्या दिवशी, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, सगळ्या भिक्षूंना अन्न दे. त्याने दिलं आणि आई सुटली. जपानी लोक याला मोकुरेन म्हणतात आणि सांगतात की आईला सुटलेली बघून तो आनंदाने नाचला, तोच पहिला बोन ओदोरी. ‘ओबोन’ हा शब्दही ‘उल्लंबन’ या संस्कृत शब्दापासून आला असं परंपरेने मानतात. उल्लंबन म्हणजे उलटं टांगलेलं असणं.

“हा मौद्गल्यायन खरा माणूस होता?”

“सांचीच्या स्तूपात त्याच्या आणि सारिपुत्ताच्या नावाच्या करंड्या सापडल्या, १८५१ साली. इंग्लंडला नेल्या होत्या. पुढे परत आणल्या, आणि १९५२ साली सांचीलाच विहारात ठेवल्या.”

“म्हणजे तोही परक्या देशी गेला आणि घरी आला.” ती हसली. मग तिची मास्तरीण जागी झाली. “पण तू ऐकलंस का स्वतःचीच गोष्ट? आई सुटल्यावर तो नाचला. आधी नाही. आधी त्याने सगळ्यांना जेवू घातलं. तूही वर्षश्राद्ध होऊ दे, मग नाच.”

“आत्या, त्याला दिव्यदृष्टी होती. आई सुटली हे त्याला दिसलं. बाबा सुटले की नाहीत, हे मला कसं दिसणार? बाबा शेवटचे पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि मी नारिताच्या विमानतळावर होते. ते उलटे टांगलेले असतील तर ते माझ्यातच आहेत. त्या रात्री गुजोला दोन-तीन तासांनी पाय आपोआप पडायला लागले, पुढच्या माणसाची पाठ आणि मागच्याच्या खडावा एवढंच राहिलं, आणि चैत्रापासून पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा नळ्यांशिवाय दिसला. मैदानावरचा. शिट्टी तोंडात धरलेला.”

आत्याने माझा हात धरला. ती काही बोलली नाही, मीही नाही. खाली विद्यापीठाच्या बाजूने ढोलाचा सराव ऐकू येत होता. गणपतीला आठवडा राहिला होता.

उतरताना तीच म्हणाली, “तिकडे नुसतं नाव घेत नाचायची रीत आली कुठून?”

मी इप्पेनबद्दल सांगितलं. हा फिरता भिक्षू १२३९ साली जन्मला. अमिताभ बुद्धाचं नाव लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या वाटत गावोगाव हिंडायचा. १२७९ साली शिनानो प्रांतात नाव घेता घेता तो आणि त्याच्या भोवतीची माणसं नाचायला लागली, ती पुढे नाचतच राहिली. माणसं कसलीही: शेतकरी, भिकारी, रोगी. १२९९ सालच्या एका लांबलचक चित्रगुंडाळीत ही नाचणारी मंडळी रंगवलेली आहेत. बोन ओदोरीच्या मुळाशी हा नामाचा नाच आहे असं मानतात.

“१२७९,” आत्या पायरीवर थांबली. “नामदेवराय नऊ वर्षांचे.”

“इप्पेन १२८९ ला गेला.”

“आणि पुढच्याच वर्षी नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. नेवासं इथून किती? साठेक किलोमीटर.” तिचे डोळे चमकत होते. “इकडून गेलं का गं हे तिकडे?”

“बुद्धाचं नाव इकडून गेलं. नाचायचं त्यांचं त्यांनी शोधलं.”

“आणि आपलं आपण.”

पायथ्याला चहा घेताना तिने मला आणखी कोंडीत पकडलं. तिकडे सगळं असं सोवळंच आहे का, तिने विचारलं, आणि मला खोटं सांगता येईना. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमात १२ ते १५ ऑगस्टला आवा ओदोरी होते, चारशे वर्षांहून जुनी. बायका टोकदार विणलेल्या टोप्या घालून, खडावांच्या पुढच्या टोकावर तोलून, हात डोक्यावर धरून पुढे सरकतात. पुरुष कमरेत वाकून, जवळजवळ बसून. ज्या बाजूचा पाय त्याच बाजूचा हात पुढे. प्रत्येक पथकाचं नाव, वेष, वर्षभराचा सराव. मी टोकियोतच कोएन्जीला ती पाहिली. तिथल्या दुकानदारांनी १९५७ साली आपल्या पेठेत सुरू केली आणि आता तिथे लाखोंनी माणसं लोटतात. पाहताना डोळ्यांत पाणी येतं इतकी ती सुंदर आहे. पण तोकुशिमात दुतर्फा तिकिटांचे मंडप असतात. कोट्यवधी येनांची तूट आली, आणि २०१८ साली तिथल्या समितीने सगळी पथकं एकत्र येऊन नाचायची ती शेवटची मोठी फेरीच रद्द केली. गर्दी तिकडेच जाते, बाकीची तिकिटं खपत नाहीत म्हणून. नाचणाऱ्यांनी ती बंदी मोडून भर रस्त्यात फेरी काढली.

“मोडली? चांगलं केलं.” आत्या पटकन म्हणाली. “पण बघ, मला भीती याचीच आहे. तू पहिल्या ओळीत चालशील. दोन्ही बाजूंना मोबाइल वर झालेले. ‘सरांची मुलगी, सरांची लेझीम’ म्हणून फोटो फिरतील. मागून कुठल्या तरी मंडळाच्या डीजेच्या भिंती छाती फाडायला येतील. लोक तुझ्याकडे बघतील, दादाकडे नाही. दुःखाचा देखावा होतो तो. लेण्यातल्या त्या बाईकडे बघणारं कोणी नव्हतं.”

मला याला उत्तर नव्हतं, फक्त एक चित्र होतं. “अकिता प्रांतात निशिमोनाई म्हणून गाव आहे. तिथे नाचणाऱ्यांतले बरेच जण काळं कापड डोक्यापासून छातीपर्यंत घेतात, डोळ्यांपुरती दोन भोकं. चेहराच नाही. जिवंत कोण आणि परत आलेलं कोण, ओळखू येत नाही.”

“असं असतं तर मी सोडलं असतं तुला,” आत्या म्हणाली. “आज सोडलं असतं.”

“मग नाथषष्ठीचं काय?”

हे मी विचारायला नको होतं, किंवा फार आधी विचारायला हवं होतं. आत्याचं आणि बाबांचं बालपण पैठणचं. फाल्गुन वद्य षष्ठीला, शके १५२१ मध्ये, नाथांनी, म्हणजे संत एकनाथांनी, गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीला गावोगावच्या दिंड्या पैठणला येतात, नदीकाठी राहुट्या पडतात, टाळ-मृदंगावर पावल्या चालतात, बायाबापड्या फुगड्या घालतात, अष्टमीला काल्याची हंडी फुटते. आणि ही नाथांची पुण्यतिथी आहे. आपला सगळा भाग ज्या दिवशी सर्वांत जास्त नाचतो, तो एका माणसाच्या जाण्याचा दिवस आहे.

“नाथ गेले नाहीत, नाथांनी समाधी घेतली,” आत्या म्हणाली, पण तिचा आवाज उत्तर देणाऱ्याचा राहिला नव्हता. “पंचपर्वा षष्ठी म्हणतात तिला. जनार्दनस्वामींचा जन्म षष्ठीचा. त्यांना गुरू भेटले षष्ठीला. नाथांना त्यांचा अनुग्रह झाला षष्ठीला, देवगिरीच्या किल्ल्यावर. स्वामी गेले षष्ठीला, नाथ गेले षष्ठीला. जन्म, भेट, मरण, सगळं एकाच तिथीत घातलंय.” ती स्वतःशीच बोलावं तशी बोलत होती. “दादा पावलीला असा काही रंगायचा. आई ओरडायची, चपला हरवून येतो म्हणून.”

“आणि नाथांच्या श्राद्धाची गोष्ट?”

“ती मी शिकवलीय चाळीस वेळा.” तिने तरी सांगितली. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला. गावकुसाबाहेरची माणसं रस्त्याने जाता जाता त्या वासाने थबकली. आपल्याला असं कुठे मिळणार, म्हणाली. नाथांनी त्यांना बोलावून तेच अन्न पोटभर जेवू घातलं. ब्राह्मण रागावले, पानावर बसेनात. तेव्हा नाथांनी पानं मांडली आणि पितर स्वतः येऊन जेवले.

“स्वतः आले,” मी म्हणाले. “ओबोनला येतात तसे.”

“दार उघडलं म्हणून आले.” चहाचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, “नाथषष्ठीला आपण दोघी जाऊ. तेव्हा वर्ष झालेलं नसेल, चैत्र पुढे आहे. तू पावली धर. मी अडवणार नाही. पण विसर्जनाला लेझीम घेऊन पुढे चालू नकोस. मिरवणूक गणपतीची आहे, तिला आपला भार घालू नये.”

मी ते मान्य केलं असं म्हणता येणार नाही. मला अजूनही वाटतं की आपल्या शहरातल्या त्या मिरवणुकीत, शेकडो पायांमध्ये, गेलेल्या माणसासाठी चार पावलं टाकायला जागा असायला हवी. बाबा तिथेच होते, दरवर्षी. त्यांना भेटायला मी दुसरीकडे कुठे जाणार? पण तिच्या शब्दापुढे मी गेले नाही. अनंत चतुर्दशीला मी पथकाच्या मागे पाण्याच्या ड्रमच्या हातगाडीबरोबर चालले, पोरांना पेले भरून देत. सिटी चौकात पथक थांबलं, शिट्टी झाली, चार ठोक्यांची फेरी सुरू झाली आणि पेला हातात असतानाच माझे पाय त्यात पडायला लागले. कोणाचं लक्ष नव्हतं. गुलमंडीपर्यंत मी तशीच गेले.

रात्री घरी आले तेव्हा आत्या जागी होती. माझ्या पावलांवरचा गुलाल तिने पाहिला. “पाय दुखत असतील,” म्हणाली, आणि घंगाळात गरम पाणी ओतून दिलं.

गुजोच्या नाचाचं एक मी तिला तेव्हा सांगितलं. रात्रभर ढोल, बासरी, शामिसेन वाजतात. शेवटचं गाणं लागलं की सगळी वाद्यं बंद होतात. नुसता एक आवाज गातो आणि लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर वाजतात. त्यावरच नाचायचं, आणि मग ज्याने त्याने घरी जायचं.

“म्हणजे शेवटी शांतच,” आत्या म्हणाली.

आमच्याकडे पहिल्या वर्षी भरणी श्राद्ध घालतात. पितृपंधरवड्यातल्या त्या सकाळी भाऊ सोवळ्यात बसला होता, आत्याने खीर, वडे, आमसुलाची चटणी सगळं पहाटे उठून केलं होतं. मी मंडईतून येताना एक छोटं जांभळं वांगं आणलं होतं. चातुर्मासात तिच्या घरात वांगं येत नाही, चंपाषष्ठीपर्यंत नाही, आणि श्राद्धाला तर नाहीच. म्हणून ते मी रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. खराट्याच्या काडीचे चार तुकडे करून त्याला टोचले. बाबांच्या फोटोपुढे, लेझीम टांगलेल्या खिळ्याखाली ते ठेवलं तेव्हा ते थोडं कलंडत होतं.

आत्या वाढपाची परात घेऊन बाहेर आली. वांग्याकडे बघितलं. मी म्हणाले, “खायचं नाहीये ते.”

“माहितीय.” परात खाली ठेवून ती गुडघ्यांवर हात देत वाकली, मागचा एक पाय काढून जरा खोल रोवला. गाय नीट उभी राहिली. मग तिने दोन बोटांनी तिचं तोंड हळूच फिरवलं.

“दक्षिणेकडे हवं,” ती म्हणाली. “जायचंय तिकडे.”